जलसा, हलगी आणि आपल्या मुलांचे गीतचित्र

(पुण्यातील कसबा पेठेत बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात एका वकिलांनी केलेले भाषण)



मी व्यवसायाने वकील आहे. आपण मला बोलावले म्हणजे जातीचा दाखला, भाडेकरूंचा दावा, फार तर अत्याचाराचा खटला, ह्यांवर मी बोलेन अशी आपली अपेक्षा असणार. आज मात्र मी गाण्याविषयी बोलणार आहे. वकिलाने गाण्यावर काय बोलावे, असे कोणी मनात म्हणेल. परंतु गेल्या वर्षी ह्याच पेठेतील एका घरात एका गाण्यावरून तीन पिढ्यांत वाद झाला. तो मिटविण्यासाठी मला जावे लागले आणि त्यातून मी पुष्कळ शिकलो. ते आपणांस सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

त्या घरातील मुलगी महाविद्यालयात माध्यमशास्त्र शिकते. तिला अभ्यासाचा भाग म्हणून चार मिनिटांचे गीतचित्र करावयाचे होते. आपली मुले त्यास म्युझिक व्हिडिओ म्हणतात. केवळ चित्रीकरण करून भागणार नव्हते. आपण कोणत्या प्रकारचे गीत निवडले, त्या प्रकाराचे रूढ संकेत कोणते, त्यांपैकी कोणते पाळले, कोणते मोडले आणि का, ह्याचा सविस्तर निबंध जोडावयाचा होता. मुलीने रॅप ह्या प्रकारचे गीत स्वतः रचले. चित्रीकरण तांबट आळीत आणि आसपासच्या बोळांत केले. तांबटांच्या हातोडीचा ठोका आणि हलगीचा ठोका तिने एकत्र गुंफला. मध्ये एका जुन्या भीमगीताच्या ध्वनिफितीतील चार ओळी घातल्या.

घरी ते चित्र दाखविले, तेव्हा आई-वडील हरखले. आजोबा मात्र उठून आत गेले. दोन दिवस ते नातीशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "वकीलकाका, माझं काय चुकलं, ते मला कोणी सांगतच नाही."

काय चुकले, हे पाहण्यापूर्वी तिने काय केले ते नीट समजून घेऊ. कारण आपल्यातील पुष्कळ पालकांस अशा अभ्यासाविषयी वाटते, की पैसे भरून मुले गाणी बजावणी करीत बसली आहेत. हा समज चुकीचा आहे. गाणे हे आपल्या चळवळीचे फार जुने साधन आहे, आणि ते कसे वापरावे ह्याचा विचार आपल्या पूर्वजांनी कोणत्याही विद्यापीठाआधी केलेला आहे.

तमाशाचा आराखडा आपणांपैकी वयस्कांस पाठ असेल. आरंभी गण, मग गवळण, मग बतावणी, लावणी आणि शेवटी वग. गणात गणेशाचे स्तवन, गवळणीत कृष्ण आणि पेंद्या ह्यांनी गौळणींची केलेली थट्टा. हा झाला त्या प्रकाराचा संकेत. प्रेक्षक तो ओळखतो, म्हणून तो निर्धास्त बसतो. जोतीराव फुले ह्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी ह्याच पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या समाजाच्या कार्यकर्त्यांनी पुढे जे जलसे उभे केले, त्यांनी हा आराखडा टाकून दिला नाही. ओळखीचे घर तसेच ठेवले आणि आतील माणसे बदलली. नमनाची जागा राहिली, पण नमन कोणास करावयाचे हे बदलले. गवळणीच्या थट्टेच्या जागी भटभिक्षुकी, सावकारी आणि अज्ञान ह्यांवरील संवाद आले. शेतकरी तमाशा पाहावयास म्हणून आला आणि विचार घेऊन घरी गेला.

पुढे आंबेडकरी जलशांनी हेच साधन अधिक धारदार केले. नाशिककडील भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी गावोगाव हिंडले. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक ह्यांनी हजारो गीते रचली. ज्या वस्तीत वर्तमानपत्र पोहोचत नव्हते आणि पोहोचले तरी वाचणारा नव्हता, तेथे बाबासाहेबांचा विचार ढोलकीच्या तालावर पोहोचला. आपल्या आज्यांस अक्षर येत नव्हते, पण महाडचा सत्याग्रह कशासाठी झाला हे त्यांस गीतातून ठाऊक होते.

आता त्या मुलीच्या निबंधाकडे वळू. तिने प्रथम स्टीव्ह नील ह्या अभ्यासकाचा विचार मांडला आहे. त्यांच्या मते कोणताही कलाप्रकार पुनरावृत्ती आणि वेगळेपण ह्या दोहोंवर जगतो. सारेच जुने असले तर प्रेक्षक कंटाळतो, सारेच नवे असले तर तो गोंधळतो. मी ते वाचून थक्क झालो. कारण जलसाकारांनी हेच आचरणात आणले होते. त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले नाही, एवढेच.

रॅप हा प्रकार १९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्क शहरातील ब्राँक्स ह्या गरीब वस्तीत, प्रामुख्याने काळ्या तरुणांनी वाढविला. त्याच्या गीतचित्रांचे संकेत असे: गाणारा आपल्याच गल्लीत उभा राहतो, वस्तीचे नाव अभिमानाने घेतो, पाठीमागे त्याचे सोबती असतात आणि तो थेट कॅमेऱ्याच्या डोळ्यात पाहतो. मुलीने लिहिले आहे, की शाहीर आणि त्याच्या पाठीमागचे झीलकरी ह्यांची मांडणी ह्याहून फारशी निराळी नाही. शाहीरही समोरच्या माणसाच्या डोळ्यास डोळा भिडवून गातो. म्हणून तिने पाठीमागे मित्रमैत्रिणी उभ्या केल्या आणि त्यांस झिलीसारखी शेवटची ओळ उचलावयास लावली. अशा रीतीने दोन दूरच्या प्रकारांचे संकेत एकमेकांशी जुळले.

नमनाचे काय केले, तेही सांगतो. कसबा गणपती हे पुण्याचे ग्रामदैवत मानले जाते, आणि ह्या पेठेत कोणताही कार्यक्रम त्याच्या स्तवनाने सुरू होणे स्वाभाविक समजले जाते. आपण शेजाऱ्यांच्या श्रद्धेचा अवमान करीत नाही, करूही नये. परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या घेतलेल्या घरातील मुलीच्या गीताचा आरंभ गणेशस्तवनाने होणार नाही, हे उघड आहे. तिने नमनाची जागा मात्र सोडली नाही. तेथे जोतीराव, सावित्रीबाई आणि बाबासाहेब ह्यांच्या नावांबरोबर तिने आपल्या आजीचे नाव घेतले. आजी पहाटे दुसऱ्यांच्या घरी भांडी घासून पोरांच्या शाळेची फी भरीत असे. मला विचाराल तर ह्या एका जागेवर त्या मुलीस पूर्ण गुण द्यावेत.

दुसरा विचार तिने अँड्र्यू गुडविन ह्यांचा घेतला आहे. त्यांचे गीतचित्रांवरील पुस्तक १९९२ साली प्रसिद्ध झाले. शब्द आणि चित्र ह्यांचे नाते तीन तऱ्हांचे असते, असे त्यांचे म्हणणे. कधी चित्र शब्दांचाच अर्थ दाखविते, कधी तो अर्थ वाढविते, तर कधी चित्र शब्दांपासून फारकत घेते. शिवाय ध्वनिमुद्रिका विकणाऱ्या कंपन्यांस गायकाचा चेहरा विकावयाचा असतो, म्हणून त्या चेहऱ्याची जवळून घेतलेली दृश्ये पुनःपुन्हा येतात, हेही त्यांनी दाखविले. मुलीने हा संकेत जाणूनबुजून मोडला. तिचा स्वतःचा चेहरा क्वचित दिसतो. जवळून दिसतात ते भांडी घासणारे, तांबे ठोकणारे आणि वही लिहिणारे हात.

तिसरा विचार लॉरा मल्व्ही ह्या विदुषींचा. चित्रपटाचा कॅमेरा पुष्कळदा पुरुषाच्या नजरेने पाहतो आणि स्त्री केवळ पाहण्याची वस्तू होऊन बसते, हे त्यांनी १९७५ सालच्या एका लेखात मांडले. मातांनो, हे आपणांस समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पडद्यावरची लावणी कोणासाठी चित्रित झालेली असते, हे आपणांस ठाऊक आहे. आणि नाचविल्या गेलेल्या त्या स्त्रिया कोणत्या जातींच्या होत्या, हेही ठाऊक आहे. मुलीने कॅमेरा आपल्या मैत्रिणीच्या हाती दिला. चित्रात एकही स्त्री कोणासाठी सजून उभी नाही.

आता वादाच्या मुळाशी येतो. आजोबा उठून गेले ते हलगीमुळे. लहानपणी गावी त्यांच्या घराण्याकडे हलगी वाजविण्याचे काम होते. गावात लग्न असो, मयत असो, जत्रा असो, निरोप आला की उभ्या पावली जावे लागे. वाजवून झाले की उकिरड्याच्या कडेला बसून उरलेले अन्न घ्यावयाचे. दीक्षा घेतली त्या दिवशी त्यांच्या वडिलांनी हलगी खाली ठेवली ती कायमची, आणि त्यापायी गावाचा बहिष्कार सोसला. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा, हीन कामे सोडा, असे सांगितले होते. वतनाच्या बेडीविरुद्ध त्यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले, आणि त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५८ च्या कायद्याने ती वतने रद्द झाली. कायदा होण्यापूर्वीच ज्यांनी ती बेडी स्वतःच्या हाताने तोडली, त्यांतले हे एक घर. आजोबा मला म्हणाले, "साहेब, माझ्या बापानं जी खाली ठेवली, ती ह्या पोरीनं परत उचलली. मग आम्ही सोसलं कशासाठी?"

ह्या प्रश्नास मजजवळ तात्काळ उत्तर नव्हते. तेव्हा मुलीच्याच निबंधातील एक विचार माझ्या उपयोगी पडला. स्टुअर्ट हॉल हे जमैकात जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये विद्वत्तेस चढलेले काळे विचारवंत. १९७३ साली त्यांनी असे मांडले, की संदेश तयार करणारा त्यात एक अर्थ घालतो, परंतु पाहणारा तोच अर्थ काढील असे नाही. कोणी तो अर्थ जसाच्या तसा स्वीकारतो, कोणी काही घेतो नि काही नाकारतो, आणि कोणी तो सर्वस्वी उलटवून वाचतो. कोण कसे वाचील, हे त्याच्या जीवनातील स्थानावर अवलंबून असते. हे तत्त्व आपणांस नवे नाही. पंडितांनी जे ग्रंथ पूज्य म्हणून वाचले, तेच ग्रंथ बाबासाहेबांनी पुराव्याची कागदपत्रे म्हणून वाचले आणि १९४६ साली शूद्र कोण होते ह्या प्रश्नाचे नवे उत्तर दिले. उलट वाचनाचे ह्याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही.

मी मुलीस म्हणालो, "बाळ, तू हलगीत अभिमान घातलास. महाविद्यालयातील परीक्षकास तो अभिमान दिसेल. पण आजोबांना त्यात गावची हाक ऐकू येते. ते चुकीचे वाचत नाहीत. त्यांचे वाचन त्यांच्या अंगावर कोरलेले आहे." आणि आजोबांस मी म्हणालो, "आपल्या वडिलांनी नाकारली ती सक्ती. ही मुलगी कोणाच्या निरोपावरून वाजवीत नाही, उरलेल्या अन्नासाठी वाजवीत नाही, आणि थांब म्हटले तर थांबण्यास ती मुखत्यार आहे. कायद्याच्या भाषेत वेठ आणि व्यवसाय ह्यांत हाच भेद आहे."

दोघांनीही माझे म्हणणे पूर्ण मान्य केले, असे नाही. आजोबांनी एकच अट घातली: हलगी का खाली ठेवली, हे गाण्यात आले पाहिजे. मुलीने नवे कडवे रचले. त्या कडव्यात ताल थांबतो, केवळ शब्द राहतात, आणि पडद्यावर आजोबांचे दोन रिकामे हात दिसतात. चेहरा दाखवू देण्यास ते राजी नव्हते, तो तिने दाखविला नाही. ते कडवे संपल्यावर हलगी पुन्हा सुरू होते. आजोबांनी चित्र पुन्हा पाहिले. चांगले झाले असे ते म्हणाले नाहीत. "आता खरं झालं," एवढेच म्हणाले.

आपल्या लोकांनी कॅमेरा हाती घेतला म्हणजे काय होते, ह्याची उदाहरणे आज महाराष्ट्रासमोर आहेत. नागराज मंजुळे ह्यांनी अहमदनगर येथे विद्यार्थी असताना 'पिस्तुल्या' हा लघुपट केला आणि त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे त्यांच्या २०१३ च्या 'फँड्री'त डुक्कर खांद्यावर वाहून नेणारे कुटुंब ज्या भिंतीवरून जाते, तिच्यावर बाबासाहेब आणि सावित्रीबाई ह्यांची चित्रे आहेत. एक शब्द न बोलता ती भिंत प्रश्न विचारते. चित्राने शब्दावाचून बोलावे कसे, हे शिकावयाचे असेल तर त्या भिंतीकडे पाहावे. ह्याच पुण्यात १९३३ साली प्रभात कंपनी आली, १९६० साली तिच्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट उघडली. परंतु तेव्हा कॅमेरा, फीत आणि प्रयोगशाळा ह्यांचा खर्च आपल्यास परवडणारा नव्हता. आज तो कॅमेरा प्रत्येक घरातील फोनमध्ये आहे. साधन हाती आले. आता जबाबदारीही आली.

आणि येथे माझ्यातील वकील जागा होतो. महाविद्यालयात चित्र दाखवून झाल्यावर मुलीने ते सार्वजनिक संकेतस्थळावर चढविले. थोड्याच दिवसांत ते काढले गेले. त्यातील जुन्या भीमगीताच्या चार ओळींवर एका ध्वनिफीत कंपनीने मालकी सांगितली होती. मुलगी रडत आली. "काका, आपलंच गाणं, आणि आपल्यालाच बंदी?" मी चौकशी केली, तेव्हा कळले, की कवीच्या वारसांस ह्या मालकीची वार्ताही नव्हती. त्यांच्या वडिलांनी कधी कशावर सही केली, हे त्यांना ठाऊक नव्हते. कागदाची प्रत घरात नव्हती.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे एका गाण्यात निरनिराळे हक्क असतात: शब्दांचा हक्क निराळा, चालीचा निराळा, ध्वनिमुद्रणाचा निराळा, आणि गाणाऱ्याचाही स्वतंत्र हक्क आहे. शिक्षणाच्या ओघात विद्यार्थ्याने केलेल्या वापरास कलम ५२ संरक्षण देते. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने छायाप्रतींच्या खटल्यात ह्या तरतुदीचा उदार अर्थ लावला. शिक्षक, विद्यार्थी आणि पालक ह्यांच्यापुरता प्रयोगही तेच कलम चालू देते. परंतु सर्व जगासाठी चित्र खुले केले, की तो शिक्षणाचा वर्ग राहत नाही. तेथे परवानगी पाहिजे. कंपनीने तक्रार केली, तर ह्या कायद्याप्रमाणे मजकूर २१ दिवस रोखता येतो. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आला नाही, तर तो पुन्हा खुला करण्यास मोकळीक आहे. तेव्हा नोटीस आली म्हणून घाबरून जाऊ नका आणि तिच्याकडे दुर्लक्षही करू नका.

शब्दांवरील हक्क कवीच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. जोतीरावांचे लेखन कधीच मुक्त झाले आहे. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखनावरील ही मुदत २०१६ च्या अखेरीस संपली. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, त्यांची मुदत २०२९ च्या अखेरपर्यंत आहे. वामनदादा २००४ साली गेले, त्यांची २०६४ च्या अखेरपर्यंत. ज्यांच्या घरात कोणी शाहीर, गायक, कवी होऊन गेला, त्यांनी जुन्या वह्या, ध्वनिफिती, करारपत्रे एकत्र करून जपावीत. हक्क देणे झाल्यास ते लेखी आणि सहीनिशी असले पाहिजे. आजच्या कायद्याप्रमाणे करारात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षांची धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार ह्यांस मानधनात समान वाटा राखून दिला आहे, आणि तो कंपनीस सोडून देता येत नाही. जुने करार मात्र त्या त्या वेळच्या कायद्याप्रमाणे तपासावे लागतात, म्हणून ते जाणत्या वकिलास दाखवा. आणि हक्क कोणाकडेही गेला तरी, रचना माझी आहे असे म्हणण्याचा आणि तिची विटंबना रोखण्याचा कवीचा अधिकार कलम ५७ प्रमाणे त्याच्याकडेच राहतो.

विद्यार्थ्यांस तीन गोष्टी सांगतो. पहिली, दुसऱ्याचे घेतले तर विचारून घ्या आणि नाव द्या. आपल्या शाहिरांची नावे ध्वनिफितीच्या वेष्टनावरही छापली गेली नाहीत, हा अन्याय आपल्याच हातून पुन्हा होऊ नये. दुसरी, ज्याचा चेहरा दाखवाल त्याची लेखी संमती घ्या, मुलांच्या बाबतीत पालकांची. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले; परंतु आजोबांच्या 'नको'चा मान राखण्यास त्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. तिसरी, प्रकाराचे संकेत मोडण्यापूर्वी ते शिका. जलसाकारांस तमाशा येत होता, म्हणूनच त्यांस तो बदलता आला.

पालकांस माझी एकच विनंती आहे. मुलगी गाणे करते म्हणून तिला हिणवू नका, आणि न पाहताच तिची पाठही थोपटू नका. तिच्याजवळ बसा, चित्र पाहा आणि विचारा, हे असे का केलेस? त्या घरात आजोबांनी मौन सोडले नसते, तर ते कडवे जन्मास आले नसते. आणि नातीने उलट विचारले नसते, तर आजोबांच्या वडिलांची कथा त्यांच्याबरोबरच संपली असती.

त्या मुलीने जुन्या ध्वनिफितीतील चार ओळी काढून टाकल्या. त्या जागी तिने स्वतःच्या चार ओळी लिहिल्या आणि चित्राच्या अखेरीस त्या कवीचे नाव कृतज्ञतेने दिले. कवीच्या वारसांनी कागद शोधावयास घेतले आहेत. त्यांचे काम माझ्याकडे आहे, आणि ते मी विनामूल्य करीत आहे. असे आणखी कागद कोणाच्या पेटीत असतील, तर त्यांनी ते घेऊन अवश्य यावे.